टांगा शेडचा शनिवार

शिवणकाम चालतं त्या घरात कातरण कशी साठते, पाहिलंय कधी? कोणी ती मुद्दाम साठवत नाही. बाही कापली की एक तुकडा पडतो, गळा कापला की दुसरा. टाकायला जीव होत नाही म्हणून उशीच्या अभ्र्यात कोंबला जातो. आणि एक दिवस अभ्रा उचलावा तर तो उशीपेक्षा जड! आमच्या महिला मंडळाचे किस्से असेच साठलेत. मैत्रिणी घरी आल्या की मी अभ्रा उलटा करते आणि हाताला येईल तो तुकडा काढून दाखवते.

फक्त आधी जागा सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. देवळाली कॅम्पच्या बाजारात आमच्या पेठेच्या मधोमध एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे टांगे उभे राहायचे. टांगे गेले, घोडे गेले, नाव तेवढं राहिलं. टांगा शेड. शेड व्यापारी संघाच्या मालकीची. आमच्या मंडळाच्या बायका गेली कित्येक वर्षं दर शनिवारी तिथे माल मांडतात. कोणी रजया, कोणी पापड-कुरडया, कोणी परकर, कोणी बांगड्या. लष्करातल्या लोकांच्या बायका, भगूरहून येणारे, शाळेतल्या शिक्षिका, सगळं गिऱ्हाईक शनिवारी तिथे. कितीतरी घरांची शाळेची फी त्या एका दिवसावर निघते.

आता व्यापारी संघाला तिथे टू-व्हीलरचं पार्किंग हवं आहे. आणि आम्हाला आमचा शनिवार हवा आहे. बस, एवढंच भांडण. पण ते साधं नाही!

*

मी स्कॉटलंडहून समाजशास्त्र शिकून परत आले, तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "व्हिसा संपला का?" मी म्हणायचे, "नाही, मला यायचंच होतं." त्यावर समोरचा माणूस इतक्या सहानुभूतीने मान हलवायचा की मलाच शंका यायची, आपल्याला तिकडून हाकललं तर नाही ना!

पण मला खरंच यायचं होतं. जगभरच्या बाजारपेठांतल्या बायकांबद्दल ढीगभर वाचलं, आणि आपल्या गावच्या बाजारातली एक बाई नावाने माहीत नाही, हे काही बरं नव्हे. म्हणून आल्या आल्या पहिल्याच शनिवारी मी शेडमध्ये गेले.

मंडळाच्या अध्यक्ष सुमनताई. वय साठीच्या पुढे, यजमान तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. युनिफॉर्म शिवण्यात उभा जन्म गेला. घरात हवालदार कोण होतं, हे ताईंचा आवाज ऐकला की कळतं. त्यांनी मला एका पालथ्या क्रेटवर उभं केलं आणि म्हणाल्या, "बोल."

मी बोलले! बाजार ही सार्वजनिक जागा आहे, तिच्यावर बाईचा हक्क आहे, तो कोणी मेहरबानी म्हणून द्यायचा नसतो, वगैरे वगैरे. मध्येच इंदूबाई म्हणाल्या, "पोरी, जरा सरक, गिऱ्हाईक येतंय." मी सरकले आणि पुढे बोलत राहिले. इंदूबाई वणीकडच्या एका खेड्यातून लसूण आणि नागलीचे पापड घेऊन येतात, पहाटेची एसटी पकडून.

भाषण संपलं. सुमनताई म्हणाल्या, "छान बोललीस. सगळं पटलं. आता सांग, तुला ओरडता येतं का?"

"म्हणजे?"

"'या ताई, या, रजई बघा!' असं. बोलणाऱ्या इथे पुष्कळ आहेत. ओरडायला लाजतात."

मला रशिदाभाभींच्या रजयांजवळ उभं केलं. भाभी मूळच्या मालेगावच्या, माहेरी यंत्रमाग. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य हिंदीत उतरतं. मी घसा खाकरला आणि ओरडले, "या... रजई... बघा..."

भाभींनी कपाळावर हात मारला. "अरे, गिऱ्हाईकाला बुला रही है की मय्यत की खबर दे रही है?"

*

संक्रांतीला शेडमध्येच हळदीकुंकू होतं. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू म्हणजे धंदा बंद न करता केलेलं. एका हाताने तिळगूळ, दुसऱ्या हाताने सुट्टे पैसे. बाजारातल्या दुकानदारांच्या घरच्या बायकांनाही बोलावतात.

सुमनताई करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत निघाल्या. इंदूबाई हळूच पाट्यांच्या मागे जाऊन बसल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. इतकी वर्षं करंडा फिरायला लागला की त्या अशाच मागे सरकायच्या, हे मला नंतर कळलं. त्या वर्षी सुमनताई मात्र वळल्या आणि सरळ पाट्यांकडे गेल्या. पाहुण्या म्हणून आलेल्या एक वहिनी कुजबुजल्या, "त्यांना राहू दे ना. बरं नाही दिसत."

माझ्या ओठांवर अख्खं व्याख्यान आलं होतं, संदर्भांसकट!

पण इंदूबाईच उठल्या. म्हणाल्या, "नवरा होता तवा कुंकवाच्या डबीला त्यानं कधी रुपया दिला नाय. ही डबी तर वर्गणीची हाय, म्हंजे माझ्या लसणाच्या पैशाची. लाव गं सुमन. आन चांगलं ठसठशीत लाव!"

सुमनताईंनी लावलं. लांबून दिसेल एवढं.

मग रशिदाभाभींनी मनगट पुढे केलं. "मला कुंकू नको, अत्तर लावा. आणि बदले में वाण दोन द्या!"

*

त्या वर्षीचं वाण काय होतं, ते सांगायलाच हवं. कोणी प्लास्टिकचे डबे म्हणालं, कोणी गाळण्या. सुमनताईंनी फतवा काढला, "टेप!" म्हणजे शिंप्याची मोजपट्टी. संक्रांतीचं वाण म्हणून प्रत्येकीला एकेक पिवळी टेप!

सोमवारी मंडळाच्या बायका मोतीशेठच्या दुकानात. मोतीशेठ म्हणजे व्यापारी संघाचे अध्यक्ष. बाजारातलं सगळ्यात जुनं कापडाचं दुकान त्यांचं. पांढरा शुभ्र लेंगा-झब्बा, बोलणं गोड, आणि शेडमधल्या पार्किंगची कल्पनाही त्यांचीच. नोकराने गजाने कापड मोजलं, फाडलं, पुढे केलं. सुमनताईंनी पर्समधून टेप काढली आणि तिथेच काउंटरवर परत मोजलं. मग दुसरीने मोजलं. मग तिसरीने.

मोतीशेठ लाल झाले. "ताई, वडलांच्या काळापासून दुकान आहे. एक इंच कमी निघालं तर सांगा!"

एक इंचसुद्धा कमी निघालं नाही. कोणाच्याच कापडात नाही. मला वाटलं, झाली फजिती! आता माफी मागावी लागणार.

सुमनताईंनी शांतपणे टेप गुंडाळली. "अगदी बरोबर आहे, शेठ. आधीही बरोबरच असणार. फक्त आधी ते तुम्हाला माहीत होतं. आता आम्हालाही माहीत आहे."

शेठना चोरीत पकडलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं!

*

मध्ये माझाही एक नंबर लागला. 'परदेशात शिकून टांगा शेडमध्ये बसते' ही बातमी नाशिकरोडपर्यंत गेली होती. आई-बाबा बिचारे काही बोलत नव्हते, पण आत्या बोलत होती. तिने एक स्थळ आणलं. मुलगा पुण्यात आयटीत. मी म्हटलं, मला आत्ता लग्न करायचं नाही. आत्या म्हणाली, "कोण म्हणतंय कर? नुसतं बघू दे."

पुढच्या शनिवारी एक बाई शेडमध्ये आल्या. चांगली साडी, गॉगल, हातात नवी कोरी पर्स. मालाकडे बघेनात, माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, हात लावून बघा, कापूस हाताने पिंजलेला आहे.

"तुम्ही रोज बसता इथे?" त्यांनी विचारलं.

"रोज मिळालं तर रोज बसेन. सध्या शनिवारच मिळतो. तोही काढून घ्यायला निघालेत."

"शिकलेल्या दिसता. लाज नाही वाटत, असं रस्त्यावर ओरडायला?"

तोवर माझा आवाज चांगलाच फुटला होता! म्हटलं, "काकू, लाज वाटायची तर दुपारी घरी झोपा काढणाऱ्यांना वाटू दे. या रजईला भाभींचे चार दिवस लागतात. घाऊकवाला त्यांना निम्मे पैसे देतो. इथे बसलं की पूर्ण मिळतात. यात लाजण्यासारखं काय आहे, मला खरंच समजावून सांगा." मग टाका दाखवला, अस्तर दाखवलं, कडा उलटून दाखवल्या. भाव मात्र एक रुपया उतरवला नाही. त्यांनी रजई घेतली आणि गेल्या.

रशिदाभाभी गालात हसत होत्या. "पहचाना नहीं? तेरी सास थी वो. होते होते रह गई!"

संध्याकाळी आत्याचा फोन. मुलाच्या आईने कळवलं होतं, मुलगी नको, फार बोलते.

आणि तशाच अजून दोन रजया पाठवा म्हणाल्या. एक लाल, एक हिरवी.

*

पावसाळा संपता संपता संघाने शेडच्या खांबाला बोर्ड ठोकला, 'फक्त दुचाकी वाहनांसाठी'. शनिवारी आम्ही गाठोडी घेऊन पोचलो, तर शेड भरलेली! स्कूटर, मोटरसायकली, ॲक्टिव्हा. पाय ठेवायला जागा नाही. समोर दुकानांच्या पायऱ्यांवर दोन-चार दुकानदार हाताची घडी घालून गंमत बघत उभे.

मी तिथेच घोषणा सुरू करणार होते. सुमनताईंनी मला थांबवलं. त्यांनी एका स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला. दुसरीचं हँडल हलवून बघितलं. आणि म्हणाल्या, "उंची बरी आहे. वाकायला नको. मांडा गं!"

बघता बघता ॲक्टिव्हांवर रजया पसरल्या. आरशांना बांगड्या अडकल्या. हँडलला लसणाच्या माळा. बुलेटच्या टाकीवर कुरडयांचे पुडे, पायदानावर पापड. एका स्कूटरच्या दोन्ही हँडलांवर परकर असे टांगले की ती स्कूटर नटून लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. जमिनीवर मांडलेला माल लोक उभ्याने बघून जायचे. आता नजरेच्या उंचीला आला! असा धंदा आधी कधी झाला नव्हता.

गाडीवाले परत यायला लागले तशी मजा. एक तरुण ओरडला, "माझी गाडी काढायचीय!"

इंदूबाई म्हणाल्या, "काढ की बाबा. गाडी तुझीच हाय. तेवढ्या कुरडया विकल्या जाऊ दे. घाई असंल तर तूच घे समद्या!"

त्याने दोन पुडे घेतले.

एक आजोबा आले. हातात किल्ली. त्यांच्याच स्कूटरवर परकर टांगलेले. भांडावं की लाजावं, त्यांना कळेना. ते गाडीशेजारी नुसते उभे राहिले. तेवढ्यात देवळाली कॅम्पात नव्यानेच बदली होऊन आलेल्या एका जवानाची बायको आली आणि तिने त्यांनाच विचारलं, "भैया, ये कितने का है?"

आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. लेबल वाचलं. भाव सांगितला. तिने कमी करा म्हटलं. आजोबा म्हणाले, "फिक्स रेट आहे!"

गाडी हातात येईपर्यंत आजोबांनी तीन परकर खपवले होते. निघताना सुमनताईंना विचारून गेले, "पुढच्या शनिवारी किती वाजता येऊ?"

*

त्यानंतर संघाने आम्हाला बोलणी करायला बोलावलं. मोतीशेठच्या दुकानामागे संघाची खोली आहे. मी आठवडाभर तयारी केली होती. फेरीवाल्यांचे हक्क, कायदा, दुसऱ्या शहरांची उदाहरणं. कमिटीचे लोक खुर्च्यांवर गोल करून बसलेले. आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या दोन. आणि आम्ही गेलो होतो अख्खं मंडळ!

"अध्यक्षांनी आणि या शिकलेल्या ताईंनी बसावं," मोतीशेठ म्हणाले. "बाकीच्यांनी जरा बाहेर..."

सुमनताई दोन्ही खुर्च्यांकडे बघून गोड हसल्या आणि खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. मागोमाग सगळ्या बसल्या. मीही बसले.

आता झाली पंचाईत! सुमनताई वयाने कमिटीतल्या निम्म्या लोकांच्या आईसारख्या. जुन्या चालीची माणसं ती, म्हातारी बाई जमिनीवर आणि आपण खुर्चीवर पाय सोडून बसायचं कसं? आधी भांड्यांच्या दुकानाचे वहाळकर उतरले. मग चपलांचे रमेशभाऊ. शेवटी मोतीशेठनी लेंगा सावरला आणि गुडघे मोडत, कण्हत तेही खाली बसले.

खाली बसल्यावर मात्र बोलणं बरं झालं. शेठ म्हणाले, "ताई, आम्ही गाळ्याचं भाडं भरतो, लाइट बिल भरतो. ऑनलाइनवाल्यांनी आधीच कंबर मोडलीय. गाडी लावायला जागा नाही म्हणून माणूस मॉलकडे जातो. आम्ही काय करायचं?"

ते खोटं बोलत नव्हते. मलाही ते कळत होतं. म्हणून मी म्हटलं, "सहा दिवस लावा की गाड्या. शनिवार तेवढा आमचा राहू दे."

"अहो, शनिवारीच तर गर्दी असते!"

रशिदाभाभी पदर सारखा करत म्हणाल्या, "और शनिवारीच गर्दी का असते, शेठ? ये भी तो पूछो किसी से."

तरी शेठ हटेनात. म्हणाले, कमिटीचं ठरलंय, दिवाळीनंतर शेडला जाळीचं दार बसणार, कुलूप लागणार, किल्ली संघाकडे राहणार. आता विषय संपला. असं म्हणून ते उठायला गेले.

आणि उठताच येईना! गुडघे धरले होते. एकदा जोर केला, दोनदा केला. कमिटीतलं कोणी पुढे येईना, कारण त्यांचीही तीच गत. शेवटी इंदूबाई उठल्या, शेठच्या काखेत हात घातला आणि लसणाची गोणी उचलावी तसं त्यांना अलगद उभं केलं.

"जा शेठ, सावकाश जा," त्या म्हणाल्या. "जागा सोडायची वेळ आली तर कुणाला उठवत नाय, ते आज समद्यांनी पाह्यलं."

*

दिवाळी झाली. शब्दाप्रमाणे जाळीचं दार बसलं आणि शनिवारी सकाळी बाजार उघडायच्या आधी आम्ही पोचलो तेव्हा दाराला हे एवढं कुलूप. आत रिकामी, झाडून काढलेली शेड. बाहेर आम्ही, गाठोड्यांसकट. एकीने विचारलं, "आता?" इंदूबाई पाटी खाली ठेवून तिच्या शेजारीच बसल्या. परतीची एसटी दुपारशिवाय नव्हती. पाटी लसूण-पापडांनी भरलेलीच.

मी तयारीत होते. चटई, पाण्याची बाटली, 'आमरण उपोषण' लिहिलेला फलक. मी चटई पसरायला लागले.

सुमनताईंनी विचारलं, "हे काय?"

"उपोषण, ताई. किल्ली मिळेपर्यंत उठायचं नाही!"

"उपाशी कशाला राहायचं सकाळी सकाळी? उचल ते. चला गं, खरेदीला जाऊ."

"खरेदीला? आत्ता?"

"आत्ताच. दुकानं उघडतायत बघ. एका दुकानात एकीनेच जायचं. दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत. आणि घ्यायचं काही नाही."

रशिदाभाभी एकदम खुदकन हसल्या, आणि ते हसू एकीकडून दुसरीकडे गेलं. फक्त मलाच काही समजलं नव्हतं. बायका बाजारभर पांगल्या. वहाळकरांकडे एक, रमेशभाऊंकडे रशिदाभाभी, स्टेशनरीत इंदूबाई. मी नुसती बघायला म्हणून सुमनताईंच्या मागे मोतीशेठच्या दुकानात शिरले.

शेठनी नुकतंच उंबऱ्यावर पाणी शिंपडलं होतं. हातात उदबत्ती. गल्ल्याला ओवाळत होते. ताईंना बघून जरा चपापले, पण पहिलं गिऱ्हाईक ते पहिलं गिऱ्हाईक. "या या, ताई! बसा. काय दाखवू?"

"साडी."

शेठनी साडी दाखवली. ताईंनी पदर बघितला, काठ बघितला. "छान आहे. दुसरी?" दुसरी दाखवली. "हीपण छान आहे. अजून?" गादीवर साड्यांचा डोंगर झाला. ताईंनी प्रत्येक साडीचं तोंडभर कौतुक केलं. मग पर्स खांद्याला लावली आणि उठल्या. "राहू दे."

शेठचा चेहरा उतरला. "राहू दे कसं, ताई? भवानी आहे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भवानी! दिवसाची पहिली विक्री. ती झाल्याशिवाय आमच्या बाजारात कोणी उधार देत नाही, परत माल घेत नाही, धड चहासुद्धा पीत नाही. पहिलं गिऱ्हाईक हात हलवत गेलं की दिवस गेला! म्हणून दुकानदार तोटा सोसेल, पण भवानीचं गिऱ्हाईक सोडणार नाही.

"ब्लाउजपीस तरी घ्या," शेठ म्हणाले.

"नको."

"हातरुमाल. खरेदीच्या भावात देतो."

"नको, शेठ."

बाहेरून आवाज यायला लागले होते. पलीकडे वहाळकर ओरडत होते, "अहो बाई, चमचा तरी घ्या एक!" स्टेशनरीवाला इंदूबाईंच्या मागे पेन घेऊन पायरीपर्यंत आलेला. समोरून रमेशभाऊंचा रडवेला आवाज, "भाभी, बुटाची लेस न्या. फुकट न्या!"

"फुकट कसं चालेल, भैया?" भाभींचा आवाज सगळ्या बाजाराला ऐकू गेला. "भवानी आहे ना!"

सुमनताई उंबऱ्यापाशी पोचल्या. एक पाय बाहेर ठेवला आणि थांबल्या. "खरं म्हणजे एक वस्तू घ्यायची होती. तुमच्याकडे आहे. पण तुम्ही दाखवलीच नाही."

शेठची नजर आपोआप गल्ल्याकडे गेली. देवाच्या तसबिरीखाली खिळ्याला किल्ली लटकत होती. नवी कोरी.

"ती विकायची नाही, ताई."

"बरं." ताईंनी दुसरा पाय उचलला.

"शेठ!" रमेशभाऊ रस्त्यात येऊन ओरडले. "काय मागतायत ते द्या ना एकदाचं! इथे आमच्या भवान्या अडकल्यात!"

"द्या, शेठ!" वहाळकरही ओरडले.

मोतीशेठनी उदबत्ती खोचली. किल्ली काढली. तळहातावर ठेवून क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मग काउंटरवर साड्यांच्या ढिगाशेजारी ठेवली.

"एकवीस," ते म्हणाले.

"अकरा," सुमनताई म्हणाल्या.

"ताई, सोबत कुलूपही येतंय."

"म्हणून अकरा. नुसत्या किल्लीचे पाच दिले असते."

शेठनी सुस्कारा सोडला. ताईंनी दहाची नोट आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवलं. शेठनी ते दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं, तसबिरीला लावलं आणि गल्ल्यात टाकलं. मग किल्ली दुकानाचं नाव छापलेल्या कापडी पिशवीत घातली आणि पिशवी अदबीने पुढे केली.

"पुन्हा या, ताई."